ताज्या दुःखामागचे जुने दुःख

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरत असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, मी अडतीस वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी माझे ठरलेले लग्न मोडले. आमची तीन वर्षांची ओळख होती आणि एके दिवशी त्यांनी आपल्या मनाची तयारी नसल्याचे एवढेच सांगितले. वाईट वाटणारच, हे मला समजते. पण जे होते आहे ते त्यापलीकडचे आहे. कोणी फोन उचलला नाही, तर माझे हातपाय गार पडतात. मागच्या महिन्यात एका मैत्रिणीला यायला अर्धा तास उशीर झाला, तर मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. रडताना मनात ते नव्हतेच. डोळ्यांसमोर होती मावशीच्या घराची पायरी. मी नऊ वर्षांची असताना आईवडिलांनी मला ‘थोड्या दिवसांसाठी’ मावशीकडे ठेवले आणि मी चार वर्षांनी परत आले. धाकटा भाऊ मात्र त्यांच्याजवळच राहिला. असे का केले, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मावशीने काही कमी पडू दिले नाही. ‘पोर किती समजूतदार, एकदाही रडली नाही,’ असे सगळे म्हणत. आता मी नेमक्या कोणत्या दुःखावर उपाय करू? वहिनी म्हणते, जुनी मढी उकरू नका. आईला क्षमा केल्याशिवाय सुटका नाही, असे एका व्याख्यानात ऐकले, ते खरे आहे का? आणि बरे व्हायचे असे ठरवून माणूस बरा होतो का?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात. मैत्रिणीसमोर रडताना मनात ते नव्हते, मावशीच्या घराची पायरी होती. हे कळायला पुष्कळांना अनेक वर्षे लागतात आणि तुम्हाला ते रडता रडता उमगले. अर्ध्या तासाच्या उशिरासाठी एवढे रडू येत नसते. समोर घडलेल्या गोष्टीच्या मानाने दुःख फारच मोठे होऊ लागले, की त्यात मागची बाकी मिसळलेली आहे असे समजावे.

या दोन दुःखांच्या वागण्याच्या तऱ्हा वेगळ्या असतात. ताज्या दुःखाला तारीख असते, माणूस असतो, शेवटचे संभाषण असते. ते बोलायला मागते. तीच हकिगत जवळच्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. ते उसळून येते, ओसरते आणि मधल्या वेळात आपल्याला भूक लागते, हसूही येते. जुने दुःख बहुधा दुःखासारखे दिसतच नाही. ते सवयीसारखे आणि स्वभावासारखे दिसते. निघालेल्या माणसाला ‘परत कधी येणार’ असे विचारायचे नाही, गरज असली तरी ‘माझे ठीक आहे’ म्हणायचे, कोणावर आपला भार पडू द्यायचा नाही, या गोष्टी तुमच्याबाबतीत खऱ्या आहेत का, हे तुम्हीच पडताळून पाहा. असल्या, तर त्या नऊ वर्षांच्या मुलीने काढलेल्या निष्कर्षांतून आलेल्या आहेत, असे मी म्हणेन. माणसे कारण न सांगता दूर करतात आणि आपण त्रास दिला नाही तर कदाचित परत नेतील, असे तिने मनाशी धरले असावे. त्या चार वर्षांत तिला त्या समजुतीचा आधार होता. आज तीच समजूत न उचललेल्या फोनपाशी तुमचे हातपाय गार पाडते आहे.

‘एकदाही रडली नाही’ या कौतुकाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या दोघांनी गेल्या शतकाच्या मध्यास रुग्णालयांत एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. त्या काळी तेथे आईवडिलांना भेटीसाठी फार थोडा वेळ मिळत असे. मूल आधी आक्रोश करी, मग हताश होऊन गप्प बसे आणि त्यानंतर अलिप्त होई. खेळू लागे, जेवू लागे आणि आई भेटायला आली तरी तिच्याकडे फारसे लक्ष देत नसे. हे तिसऱ्या टप्प्यातले मूल कर्मचाऱ्यांना छान रुळलेले वाटे. रुळले म्हणून ज्याचे कौतुक होते, ते मूल प्रत्यक्षात आशा सोडून बसलेले असू शकते, हे या दोघांनी लावून धरले. १९५९ मध्ये तेथील प्लॅट समितीने रुग्णालयांतल्या मुलांना आईवडिलांचा सहवास मोकळेपणाने मिळावा अशी शिफारस केली, त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता. ती मुले वयाने तुमच्याहून खूप लहान होती, त्यामुळे त्यांचे सगळेच तुम्हाला लागू होईल असे नाही. तरीही न रडणाऱ्या मुलाला दुःख झालेले नसते, हा मोठ्या माणसांचा समज किती चुकीचा असतो, एवढे त्यातून नक्की घेता येते. तुमच्या घरातल्या कोणालाही त्या वेळी विचारावेसे वाटले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उपाय दोन्हींवर करायचा आहे, पण आधी ताज्या दुःखावर. चार महिने हा अशा दुःखासाठी फार काळ नव्हे. काळ हे औषध आहे, हे म्हणणे ताज्या दुःखाच्या बाबतीत बहुतांशी खरे ठरते. मात्र त्या काळात झोप, जेवण आणि माणसांचा सहवास सांभाळावा लागतो. मृत्यूच्या शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेला एक विचार मला अशा नात्यांच्या बाबतीतही उपयोगी वाटतो. त्यांच्या मते शोक करणारा माणूस कधी गमावलेल्याकडे तोंड करतो, तर कधी पुढच्या कामांकडे आणि हे असे मागेपुढे होणेच निरोगी असते. म्हणून एखाद्या दिवशी त्यांची आठवणही आली नाही आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवले नाही, तर आपण पुन्हा पहिल्या पायरीवर आलो असे समजू नका.

जुन्या दुःखाला मात्र नुसत्या काळाचा गुण येत नाही. काळाने फार तर त्याबद्दलचे बोलणे थांबते. तुमच्या वहिनींच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे : रोज बसून, हेतूशिवाय, एकट्याने जुने उगाळत राहण्याने माणूस खचतो. पण तुम्ही काही उकरायला गेलेला नाहीत. ते आपणहून वर आले आहे आणि तुमच्या आजच्या नात्यांत ढवळाढवळ करते आहे, तेव्हा त्याच्याकडे पाठ फिरवण्यात शहाणपण नाही.

आठवण एकदा पक्की झाली की कायमची तशीच राहते, असे पूर्वी मानले जाई. २००० साली करीम नादर आणि जोसेफ लेडू यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की भीतीची जुनी आठवण जागी केली की ती काही काळ पुन्हा अस्थिर होते आणि तिला मेंदूत नव्याने पक्के व्हावे लागते. उंदरांवरून माणसाच्या बालपणावर उडी मारणे बरोबर नाही. पण ज्या आठवणीजवळ नऊ वर्षांची मुलगी एकटी उभी होती, तिच्याजवळ आज अडतीस वर्षांच्या समजदार स्त्रीने जाऊन उभे राहण्याने काहीच फरक पडणार नाही, असे मानायचे कारण नाही, हा धीर त्यातून मिळतो.

सुरुवात लिहिण्यापासून करा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना असे दोन्ही लिहिले, त्यांना लिहिल्यावर लगेच अधिक उदास वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांना आरोग्य केंद्रात जावे लागण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम सरासरीने लहानच आढळला आहे, तेव्हा चमत्काराची अपेक्षा धरू नका. तुमच्यासाठी मी त्यात एक भर घालेन. आधी त्या पायरीबद्दल लिहा : दिवसाची कोणती वेळ होती, हातात काय होते, आई निघताना काय म्हणाली, ती वळेपर्यंत तुम्ही कोठे पाहत होता. त्यानंतर, त्या दिवशी तुम्हाला कोणी काय सांगायला हवे होते, ते लिहा. ते वाक्य सापडले, की आज न उचललेल्या फोनपाशी तुम्ही कशाची वाट पाहता, हेही तुम्हाला कळेल. लिहिताना भोवंड आल्यासारखे झाले, श्वास कोंडला किंवा त्यानंतर रात्रभर झोप लागली नाही, तर हे काम एकटीने पुढे नेऊ नका. आघाताच्या आठवणींवर काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या मानसोपचार तज्ज्ञाच्या सोबतीने ते करा. फोन न उचलल्यावरची तुमची अवस्था पाहता, मी तरी त्यांची वेळ आताच घेऊन ठेवा असे म्हणेन.

क्षमेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. क्षमा ही बरे होण्याची पूर्वअट नाही. जिला कारणच ठाऊक नाही, तिने कशाची क्षमा करायची? आई हयात असतील आणि तुमचे मन जरा स्थिर झाले असेल, तर त्यांना एक साधा प्रश्न विचारा : ‘मला मावशीकडे का ठेवले होते?’ तक्रारीच्या सुरात नको आणि भावाचा उल्लेखही नको. उत्तर आजारपणाचे असू शकेल, पैशांच्या ओढाताणीचे असू शकेल, किंवा त्या उत्तर टाळतील. त्यांनी टाळले तरी तुमचे काम झालेले असेल, कारण त्या मुलीने जो प्रश्न तोंडाबाहेर काढला नाही, तो तुम्ही तिच्या वतीने विचारलेला असेल. पुढे क्षमा करावीशी वाटली तर करा. नाही वाटली, तर त्याचे ओझे घेऊ नका.

राहिला ठरवण्याचा प्रश्न. काय वाटावे हे ठरवता येत नाही. वाटल्यावर पुढचा तासभर काय करायचे, एवढे मात्र पुष्कळदा ठरवता येते. फोन उचलला गेला नाही आणि हात गार पडले, की दहा वेळा पुन्हा फोन लावायचा, की ‘सवड झाली की कळव’ एवढा निरोप पाठवून हातातले काम पुरे करायचे, ही निवड तुमची आहे. ती पहिल्यांदा फार जड जाईल. त्या मैत्रिणीला मात्र सगळे सांगा. ती समोर बसून राहिली, यावरून ती ऐकेल असे मला वाटते.

प्रश्न : मॅडम, मी बावीस वर्षांचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी माझे ब्रेकअप झाले. तिनेच नाते संपवले. मित्र म्हणतात, ‘मूव्ह ऑन कर.’ मीही तसे ठरवले आहे, पण जमत नाही. छातीत खरोखर दुखते. दिवसभर तिचे स्टेटस आणि जुने फोटो पाहत राहतो. लहानपणी माझ्या बाबतीत काही वाईट घडलेले नाही, तरी इंटरनेटवर वाचून वाटते की आत काहीतरी दडलेले असणार. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर : काही कमी नाही. प्रेम केले होते आणि ते गेले, एवढे कारण तीन आठवड्यांच्या दुःखाला पुरेसे आहे. प्रत्येक दुःखाखाली बालपणीची जखम शोधलीच पाहिजे असे नाही; नसलेली जखम शोधत बसल्याने असलेले दुःख लांबते.

छातीत दुखते हे तुम्ही मनाचे खेळ समजू नका. २०११ मध्ये ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी, ज्यांचे नाते त्यांच्या मनाविरुद्ध नुकतेच तुटले होते अशा चाळीस जणांच्या मेंदूचे स्कॅन केले. सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो पाहताना आणि हाताला सोसेल इतका चटका देताना मेंदूचे काही समान भाग सक्रिय झालेले दिसले. २०१४ मधल्या एका अभ्यासाने त्या भागांत उमटणारे तपशीलवार नमुने दोन्ही वेदनांसाठी वेगळे असल्याचे दाखवले, त्यामुळे दोन्ही वेदना एकच आहेत असे म्हणता येत नाही. तरीही तुमचे दुखणे खोटे नाही, एवढे निश्चित. जिने चढताना किंवा धावताना छातीत दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

त्या प्रयोगात वेदना जागी करण्यासाठी जे मुद्दाम केले, तेच तुम्ही दिवसभर स्वतःला करत आहात. म्हणून ‘यातून बाहेर पडायचे’ हा मोठा निर्णय तूर्त बाजूला ठेवा आणि लहान निर्णय घ्या. तिचे स्टेटस दिसणार नाही अशी सोय फोनमध्ये आजच करा, फोटो एखाद्या विश्वासू मित्राकडे सोपवून स्वतःच्या फोनमधून काढून टाका आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा. मित्रांना सांगा, की सल्ला नको, संध्याकाळी सोबत चालायला या. जगण्यात अर्थ नाही असा विचार एकदा जरी मनात आला, तर तो त्याच दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला किंवा डॉक्टरांना सांगा. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

प्रश्न : नमस्कार. माझे वय चोपन्न. पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या भावाने भागीदारीच्या धंद्यात मला अंधारात ठेवून कागदपत्रे करून घेतली. मी पुन्हा शून्यातून उभा राहिलो आणि आज माझे बरे चालले आहे. पण त्या दिवसाचा प्रत्येक शब्द मला पाठ आहे आणि बहुतेक रात्री मी तो प्रसंग मनात पुन्हा उभा करतो. पत्नी म्हणते, आता सोडून द्या. मी सोडले, तर त्याने केले ते योग्य होते असा अर्थ होत नाही का? सध्या आई आजारी आहे आणि तिच्यासाठी त्याच्याशी बोलावे लागणार आहे.

उत्तर : असा अर्थ होत नाही. अन्याय झाला होता आणि तुम्ही रोज रात्री त्याची उजळणी केली नाही तरी तो झालेलाच राहील. त्याचा पुरावा जिवंत ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असे तुम्ही मनोमन धरून चालला आहात. भावाने कधी कबुली दिली नाही आणि घरातल्या कोणी त्याला जाब विचारला नाही, असे तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटते. साक्षीदार दुसरा कोणी नसला, की माणूस स्वतःलाच साक्षीदार नेमतो आणि मग त्याला रजा घेता येत नाही.

या उजळणीची किंमत मोठी आहे. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ मनात तेच तेच घोळवण्याच्या सवयीचा अभ्यास करत होत्या. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि अशा सवयींची नोंद केली होती आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, तेथे मोठा भूकंप झाला. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी तपासले, तेव्हा ज्यांना आधीपासून घोळवत राहण्याची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली; त्यांची आधीची मनःस्थिती हिशेबात घेतली तरीही हा फरक उरला. भूकंप सगळ्यांचा एकच होता, हे तुम्ही लक्षात घ्यावे असे मला वाटते.

तुमची जखम जुनी आहे, पण तिची वेदना अजून ताजी राहिली आहे आणि त्याला रात्रीची ही उजळणी बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. पंधरा वर्षांपूर्वी या रागानेच तुम्हाला पुन्हा उभे केले असेल आणि त्याबद्दल त्याचा मानही राखावा. पण आता तुमचा धंदा त्या रागाशिवाय चालतो.

एक करून पाहा. तो प्रसंग एकदाच, सविस्तर, तारखांसह आणि कागदपत्रांच्या उल्लेखांसह लिहून काढा आणि पत्नीला वाचायला द्या. त्यांनी तो वाचला, की त्या प्रसंगाचा दुसरा साक्षीदार तयार होईल. त्यानंतर रात्री तो दिवस आठवू लागला, की त्याच्याशी झगडू नका. ‘हे लिहून ठेवलेले आहे’ असे स्वतःला सांगून उठा, पाणी प्या, चार पावले चाला. बरे होण्याची निवड तुमच्या बाबतीत रात्रीच्या त्या दहा मिनिटांत करायची आहे आणि ती बरेच महिने करत राहावी लागेल.

क्षमा करणे, विसरणे आणि संबंध पूर्ववत जोडणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमेवर अनेक वर्षे काम केलेले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट हा फरक आवर्जून करतात : क्षमा एकटा माणूस करू शकतो, पण समेटाला दोघे लागतात आणि तुटलेला विश्वास पुन्हा जुळावा लागतो. तुमच्या भावाने विश्वास बसावा असे काही केलेले तुमच्या पत्रात दिसत नाही, तेव्हा समेटाची घाई करू नका. आईच्या आजारपणासाठी समेटाची गरजही नाही. बोलण्याआधी विषय कागदावर लिहा : डॉक्टरांकडे कोणी जायचे, रात्री कोणी थांबायचे, खर्च कसा वाटून घ्यायचा. पैशांचे जे ठरेल ते त्याच दिवशी लेखी निरोपाने दोघांकडे राहू द्या. भावाने जुना विषय काढला, तर ‘त्यावर आत्ता बोलणार नाही, आईचे बोलू’ एवढे एकच वाक्य तयार ठेवा आणि लागेल तितक्या वेळा तेच म्हणा.